रस नव्हता, वाईन होती

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत मी फ्रान्सला जाऊन आले हे सगळ्यांना माहीत आहे. तिथं मी काय प्यायले हे त्याहून जास्त जणांना माहीत आहे. किराणा दुकानात, गिरणीवर, सोसायटीच्या जिन्यात लोक त्याबद्दल एकमेकांना विचारतात. मला विचारत नाहीत. मला विचारतात, "आयफेल टॉवर पाहिला का हो?" नाही पाहिला. पॅरिसमध्ये मी फक्त विमानतळ पाहिला. बाकीचे सगळे दिवस एका खेड्यात होते, एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यात, आणि त्या मळ्यातली पांढरी वाईन मी प्यायले. न विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आधीच देऊन टाकते. आता बाकीचं सांगते. जे गेले नाहीत त्यांना ते खेडं कसं आहे ते कळेल, आणि जे माझ्याबद्दल बोलतात ते निदान बरोबर तरी बोलतील.

लेण्यांतलं फ्रेंच

मी अजिंठ्याची गाईड. विद्यापीठातल्या संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकले आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत फ्रेंच पाहुण्यांना लेणी दाखवली. एका हिवाळ्यात इव्ह आणि कोलेत नावाचं जोडपं आलं. इव्ह उंच, लालबुंद चेहऱ्याचा, हात शेतकऱ्याचे. कोलेत बुटकी आणि बोलकी. तिसऱ्या का चौथ्या लेण्याबाहेर इव्हला उन्हानं भोवळ आली आणि तो पायऱ्यांवर बसला तो उठेना. मी त्यांना टॅक्सीत घालून शहरात आणलं, दवाखान्यात नेलं, आणि हॉटेलचं तिखट त्याला सोसेना म्हणून घरी आणलं. वरण, भात, मेतकूट. तो खाटेवर झोपून राही आणि कोलेत माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी भाकरी कशी थापते ते बघत बसे. जाताना म्हणाली, "द्राक्षतोडीला ये. आमच्याकडे तेव्हा सगळे येतात."

असं सगळेच पाहुणे म्हणतात. पण कोलेत दर वर्षी फोन करून म्हणायची. मी दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचे.

मग माझ्या मुलीचं, अश्विनीचं, कन्नड गावच्या एका घरी जमलं. बागायतदार माणसं, मुलगा विक्रम वाळूजला इंजिनिअर. सुपारी फुटली, साखरपुडा दसऱ्यानंतर ठरला. एका रविवारी शेंगा सोलता सोलता अश्विनी म्हणाली, "आई, माझं लग्न झालं की तू घरात कुलूप लावल्यासारखी बसशील. आत्ता जा." तिनंच तिकीट काढलं. माझे धाकटे दीर रमेश, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं, ते म्हणाले, "लग्नघर सोडून कुठं चालल्या वहिनी? अन् तिथं करणार काय?"

"द्राक्षं तोडणार," मी म्हणाले.

"मग जालन्याला जा की. लई द्राक्षं हायेत."

फ्रान्सला पोचल्यावर पहिल्यांदा माझं फ्रेंच उघडं पडलं. पद्मपाणीच्या भुवयांवर मी फ्रेंचमध्ये अर्धा तास बोलू शकते. रंग कुठल्या मातीतून काढले, भिंतीला शेण-भुसा कसा लिंपला, सगळं. पण पॅरिसहून नांतला, मळ्याजवळच्या शहराला, जाणाऱ्या गाडीत एक आवाज भराभर काहीतरी सांगून गेला आणि माझ्या कानात फक्त "प्रवासीहो" एवढंच शिरलं. मी खिडकीतून गव्हाची कापलेली शेतं पाहत होते. शेजारी बसलेल्या एका कॉलेजातल्या मुलीनं माझं तिकीट पाहिलं आणि ती किंचाळलीच. पुढच्या स्टेशनात त्या गाडीचे दोन तुकडे होतात, एक तुकडा नांतला जातो, दुसरा भलतीकडे, आणि मी भलत्या तुकड्यात बसले होते. साडीचा काठ एका हातात, बॅग दुसऱ्या हातात, मी फलाटावरून धावले. ती मुलगी माझी दुसरी पिशवी घेऊन पुढं. पिशवीतली शेंगदाण्याची चटणी फुटली ती तिथंच. नांतला कोलेतनं मला मिठी मारली तेव्हा माझ्या अंगाला लसणाचा वास येत होता. "शोबा!" ती म्हणाली. शोभा तिला कधीच म्हणता आलं नाही. मग तिनं गालाला गाल लावला, मी चुकीच्या बाजूनं मान वळवली, आणि आमची नाकं आपटली.

मळा

आपल्याकडे द्राक्षबाग म्हणजे डोक्यावर मांडव, खाली सावली. तिथं तसं काही नाही. वेली कंबरेएवढ्या, तारेला बांधलेल्या, ओळीत उभ्या. वर उघडं आभाळ आणि समुद्रावरून येणारा वारा. समुद्र दिसत नाही, पण सकाळी ओठ चाटले तर जाणवतो. दगडी घर, उतरत्या छपराचं, त्याला लागून तळघर. इव्हच्या आजोबांनी पहिल्या वेली लावल्या. आता सगळं इव्ह-कोलेतची मुलगी एलोदी बघते. तिशीतली, केस कापलेली, दिवसभर गमबुटात. वाईन तीच बनवते. इव्ह ट्रॅक्टर चालवतो आणि तिच्याशी भांडतो.

एलोदीनं मला बांधावर नेऊन एक दगड उचलून दिला. हिरवट काळा, जड. ती म्हणाली, "तुझ्या लेण्यांच्या दगडाचा हा भाऊ आहे. तुमचा जमिनीवर येऊन थंड झाला, आमचा आतच थंड झाला." मी तो दगड तळहातावर तोलून पाहिला. इतकी वर्षं मी लोकांना कातळाबद्दल सांगत आले. त्याची भावकी इतक्या लांब असेल असं मनातही आलं नव्हतं.

जवळपासचे मळे यंत्रानं तोडतात. हे लोक जुन्या वेली हातानं तोडतात. सकाळी धुकं, पानांवर पाणी, हातात छोटी कात्री, पायाशी बादली. घड लहान, मणी घट्ट, हिरवे-पिवळे. तोंडात टाकले तर गोड आणि वर जाड साल. पहिल्या दिवशी माझी कंबर अशी धरली की ओळीच्या टोकाला मी गवतावर आडवीच झाले. माझ्या ओळीला एक निवृत्त पोस्टमन होता. तो म्हणाला, "मॅडम, वाकू नका. बसा. वेलीसमोर गुडघे टेकायला लाज कसली." माझे गुडघे टेकले की उठत नाहीत हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

दुपारी लांब टेबल. पाव, खारं लोणी, मसुरीसारखी हिरवी डाळ आणि त्यात मांसाचे तुकडे, पानांची कोशिंबीर. एक प्रकार कुट्टूच्या काळपट पिठाच्या धिरड्याचा. तो मात्र खाताच मला घर आठवलं. फक्त त्यांनी त्यावर अंडं फोडलं होतं. एके दिवशी मी पिठलं केलं आणि ठेचा वाटला. पोस्टमननं ठेचा भाजी समजून चमचाभर तोंडात घातला. मग तो उठला, नळाकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. परत येऊन मात्र त्यानं पुन्हा मागितला.

आणि प्रत्येक जेवणाला ती बाटली. हिरवट काचेची, बाहेर पाण्याचे थेंब आलेली. पहिल्या दिवशी कोलेत माझ्या पेल्यात ओतायला वाकली तेव्हा मी पेल्यावर हात ठेवला. तिनं पाण्याचा जग पुढं केला. कोणी काही विचारलं नाही. आपल्याकडे उपास आहे म्हटलं तरी लोक चार वेळा आग्रह करतात.

तळघराच्या दारात

मी का हात ठेवला ते सांगते. धर्म नव्हता, उपास नव्हता.

तोडीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी एलोदी म्हणाली, "चल, तळघर दाखवते." तिथं वाईनच्या टाक्या जमिनीखाली आहेत, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या, वर लोखंडी झाकणं. आधी तोडलेल्या द्राक्षांचा रस उकळल्यासारखा फसफसत होता. मी दारात पाऊल टाकलं आणि वास आला. आंबलेला, उबदार, गळ्याशी येणारा. अश्विनीचे बाबा संध्याकाळी कचेरीतून येऊन जिन्यात उभे राहायचे तेव्हा यायचा, त्याच घराण्यातला वास. मी तशीच मागं फिरले. बाहेर भिंतीला एक बाक होता, त्यावर बसले.

थोड्या वेळानं इव्ह येऊन शेजारी बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वास?"

"हो."

"आवडला नाही?"

"ओळखीचा आहे," मी म्हणाले. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे मराठीत आजवर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. "माझा नवरा दारूनं गेला." फ्रेंचमध्ये ते सहज निघालं. शिकलेल्या भाषेत सासर नसतं, माहेर नसतं, ऐकणारं आपलं कोणी नसतं.

इव्हनं वेलींकडे पाहिलं. "माझा भाऊ," तो म्हणाला. "लुक. याच मळ्यातली प्यायचा. आधी जेवताना, मग जेवणाआधी, शेवटी जेवणच सुटलं."

"मग तुम्ही मळा मोडला कसा नाहीत?"

"वडिलांनी कुऱ्हाड काढली होती. आईनं अडवलं. वाईन निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मी ती विकतो, माझ्या म्हणण्याला काय अर्थ?" त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "पण आईनं एक केलं. त्याला पुरण्याआधी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि तो कशानं गेला ते सांगितलं. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत."

मी त्याला आमचं सांगितलं नाही. आमच्याकडे अश्विनीचे बाबा काविळीनं गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात रमेशभाऊजी सगळ्यांना सांगत होते, "कावीळ झाली होती. लई उशीर झाला." मी आत त्यांच्या पायांशी बसले होते. मला कोणी विचारलं नाही की काय सांगायचं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, कावीळ फार वाईट. मी मान हलवली. दर वर्षी पितरांच्या जेवणाला कोणीतरी काविळीवरचं झाडपाल्याचं औषध सांगतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एलोदीला म्हणाले, "मला चाखायची आहे. आत, टाकीजवळ."

तिनं कारण विचारलं नाही. गेल्या वर्षीची वाईन एका टाकीत तिच्याच गाळावर वर्षभर निजवून ठेवलेली होती. पाइपातून तिनं दोन बोटं पेल्यात काढली. रंग म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पाण्यात लिंबाची साल बुडवून काढावी तेवढाच. मी श्वास रोखून घोट घेतला आणि माझं तोंड आक्रसलं. द्राक्षाची म्हणजे गोड असेल अशी माझी समजूत. साखरेचा मागमूस नव्हता, सगळी आंबून संपलेली. म्हणून तिला कोरडी म्हणतात. आंबट, थंड, धारदार. मग हळूच खारटपणा, आणि शेवटी कैरीच्या कोयीजवळ लागतो तसा तुरटपणा जिभेच्या कडेला राहिला.

मला भीती होती की पहिल्या घोटासरशी अश्विनीचे बाबा समोर येऊन बसतील. नाही आले. मी दुसरा घोट घेतला. तरी नाही. समोर फक्त एलोदी होती, गमबुटात, माझ्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालासारखी बघत.

"आंबट आहे," मी म्हणाले.

"आंबटच असायला हवी," ती म्हणाली. तिला फार आनंद झाला.

फोटो

तोड संपली त्या दिवशी अंगणात जेवण होतं. समुद्राकडून कालवांच्या टोपल्या आल्या. मी मराठवाड्याची, नदीतला मासासुद्धा आमच्याकडे सणासारखा. ते थरथरतं काहीतरी शिंपल्यातून थेट तोंडात सरकवायचं म्हटल्यावर मी शिंपला परत टोपलीत ठेवला. पोस्टमन म्हणाला, "मी तुमचा ठेचा खाल्ला, मॅडम." शिंपला पुन्हा हातात घेतला. मी डोळे मिटून गिळलं, आणि लगेच वाईनचा घोट घेतला. तेव्हा मला ती वाईन कळली. एकटी असताना जी आंबट होती ती कालवाबरोबर स्वच्छ झाली, जशी दह्याबरोबर भाकरी उलगडते. मी हसले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. तेवढ्यात एलोदीनं फोटो काढला.

फोटोत मी इरकली साडीत आहे, वर कोलेतचं जाड स्वेटर, पायात गमबूट, हातात पेला. शेजारी कोलेत, मी दिलेली हिमरूची शाल पांघरून. माझ्या उभ्या आयुष्यातला तेवढा एक फोटो असा आहे ज्यात मी पोट आत घेतलेलं नाही. मी तो अश्विनीला पाठवला. तिनं तो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "माझी आई."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात बादल्या धूत होते. फोन वाजला. रमेशभाऊजी.

"वहिनी, काय करायलात तुम्ही तिथं?"

"बादल्या धुतेय."

"थट्टा नका करू. इथं लई बोंबाबोंब झाली. फोटो सगळ्या कन्नडमध्ये फिरायलाय. विहीणच दारू पिती तर पोरगी काय करंल, असं म्हणायलेत लोकं."

"लोकं म्हणजे कोण? विक्रमचे वडील काय म्हणाले?"

"पाटील समजदार माणूस हाय. ते फकस्त एवढंच म्हणायलेत की तो द्राक्षाचा रस होता, असं तुम्ही सांगावं. दुपारून फोन करतील. व्हय म्हणा, मामला खतम."

"वाईन होती, भाऊजी."

"मला कळतंय हो. पण सांगायला काय जातंय आपलं? दादाच्या टायमाला नाय का आपण..."

ते थांबले. नळ वाहत होता.

कोलेतला मी सांगितलं तेव्हा ती खांदे उडवून म्हणाली, "मग रस म्हण ना. आम्ही रोज रस पितोच की. गेल्या वर्षी सगळा रसच होता." तिला ते खरंच सोपं वाटलं. आणि होतंच सोपं. फोटो बघून कोणाला सांगता आलं असतं? एका शब्दावर मुलीचं लग्न, आणि मोडलं तर तिचा उरलेला जन्म.

म्हणून मी आधी अश्विनीला फोन केला. लग्न तिचं होतं.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली. "काकांनी मलाही सांगितलं, स्टेटस काढ. स्टेटस तर तसंही आज जाणार होतं. म्हणून मी तो डीपीला ठेवला."

"अगं!"

"तू खोटं सांगणारेस का?"

"तू सांग. तू म्हणशील तसं."

फोनवर तिच्या बँकेतला आवाज येत होता, कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती म्हणाली, "बाबांचंही सांग. सांगायचंय तर सगळं सांग. मला ठाऊक आहे आई. मी बारावीत असताना माळ्यावर बाटल्या सापडल्या होत्या. तू कधी बोलशील म्हणून वाट बघत होते."

ती म्हणाली, "ठेवते, गर्दी आहे."

दुपारी पाटलांचा फोन आला. मी त्याच बाकावर बसले होते.

"नमस्कार ताई. तब्येत बरी? थंडी हाय म्हणं तिकडं."

"बरी आहे."

"आम्ही काय जुन्या इचाराचे नाय. आमच्या घरीबी पाहुणेरावळे आले की गडीमाणसं बसतात. पण बाईमाणूस म्हणलं की चार लोकं इचारायलेत. तर रस होता न तो, ताई?"

त्यांचा आवाज खरोखर सौम्य होता. मला हात धरून चिखलातून पलीकडे नेल्यासारखा.

"नाही, पाटीलसाहेब. वाईन होती. पांढरी, आंबट. मला आवडली."

पाटील काही म्हणायच्या आत मी पुढचं बोलले.

"आणि दुसरं. अश्विनीचे वडील काविळीनं गेले असं तुम्हाला सांगितलंय. ते दारूनं गेले. बारा महिने, तेरा काळ पीत होते. मी त्यांच्या उलट्या काढल्या आहेत. तेव्हा दारू म्हणजे काय हे मला कन्नडच्या चार लोकांनी शिकवू नये, आणि काल माझ्या पेल्यात काय होतं ते मी लपवणार नाही."

ते म्हणाले, "हे सांगायची काय गरज होती, ताई?"

"तुम्ही खरं काय ते विचारलंत."

"आम्ही खरं कुठं इचारलं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी उरलेल्या बादल्या धुतल्या. जेवणाच्या वेळी मी टेबलाशी बसले आणि माझा पेला उचलून स्वतःच कोलेतपुढं धरला. तिनं अर्धा भरला. इव्हनं माझ्याकडे पाहिलं, आपला पेला किंचित वर उचलला आणि पाव मोडायला लागला. मी ती सगळी प्यायले नाही. जेवढी जेवणाला लागली तेवढी प्यायले, उरलेली तशीच राहिली. त्या घरात उरलेल्या वाईनकडे कोणी बघतही नाही, हे मी रोज पाहत होते आणि रोज मला त्याचं नवल वाटत होतं.

परत

चिकलठाण्याला उतरले तर पाऊस थांबून ऊन पडलेलं. रिक्षावाला म्हणाला, "क्या मैडम, बाहर से आरे? कैसा हैं उधर?" मी म्हटलं, "लोग अच्छे हैं, मिर्ची नै खाते." तो म्हणाला, "फिर कैसे अच्छे?" तेवढंच एक स्वागत मला हसवून गेलं.

घरी रमेशभाऊजी येऊन गेले होते. सुपारीत आलेली साडी आणि नारळ कन्नडला परत पोचवायचा निरोप होता. दादाचं नाव तुम्ही परमुलखात बसून घालवलं, एवढंच अश्विनीजवळ सांगून गेले.

मग विक्रम आला. एकटा, मोटारसायकलवर, कामावरून थेट. चांगला मुलगा, अजूनही म्हणते. सोफ्याच्या टोकावर बसून म्हणाला, "काकू, मला स्वतःला काहीच अडचण नाही. अश्विनीनं मला तिच्या बाबांचं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी आबांना समजावतो. फक्त तोवर तिनं तो फोटो काढावा. दोन-तीन महिने."

मी अश्विनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, नुसता फोटोच तर आहे."

"नुसता फोटोच आहे ना? मग राहू दे."

त्यानं चहा संपवला, कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला आणि गेला. अश्विनी न्हाणीघरात गेली आणि तिनं नळ पूर्ण सोडला. बराच वेळ सोडलेला होता. आम्ही ताठ मानेनं वागलो आणि आम्हाला काही लागलं नाही, असं कोणी समजू नये. बाहेर आल्यावर तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं मला विचारलं, "कालवं खाताना हलतात का गं?" मी म्हटलं, "हलतात." ती म्हणाली, "शी."

फोटो अजून आहे. पुन्हा जायला मिळालं तर मी जाणार, पुन्हा कालवांबरोबर ती वाईन पिणार, आणि त्याचाही फोटो काढणार.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी दारात विक्रमची आई उभी. सुपारीच्या दिवशी ती माझ्याशी दोन वाक्यं बोलली असेल. तेव्हा सगळं पाटीलच बोलत होते. आता ती कन्नडहून एसटीनं आली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. तिच्यामागं जिन्याच्या कठड्याला धरून तिचा थोरला मुलगा. डोळे पिवळे, पोट सुटलेलं, हातापायाच्या काड्या. मला त्याला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

"मी पाटलांच्या घरून नाय आले," ती म्हणाली. "मी माझी आले. त्यांना म्हणलं, पोराला पित्ताच्या डॉक्टरकडं नेते."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. मुलानं पेला दोन्ही हातांनी धरला तरी पाणी सांडलं.

"तुम्ही त्या दिवशी फोनवर बोलल्या न," ती हळूच म्हणाली, "तवा स्पीकर चालू होता. मी तिथंच भाकरी करायले होते. आमच्यात ह्याला पित्त हाय म्हणतात. सगळेच म्हणतात. मीबी म्हणते." ती थांबली. "दवाखाना कुठला ते तुम्हाला ठाव असंल."

मला ठाऊक होता. अश्विनीनं रजा टाकली, रिक्षा आणली. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढं मोठी रांग होती. पोरं रडत होती, कोणीतरी मोठ्यानं नंबर पुकारत होतं. मुलगा भिंतीशी बाकावर टेकला, अश्विनी त्याच्याशेजारी उभी राहिली. आमचा नंबर आला. खिडकीतला माणूस खाली बघूनच म्हणाला, "पेशंटला काय होतंय?"

विक्रमच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या अगदी ओठावर होता. मी तो बोलले नाही.

ती काहीतरी पुटपुटली.

"काय? ऐकू येत नाही."

तिनं खिडकीचे गज धरले. "दारू," ती म्हणाली, आणि यावेळी मागच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "माझा पोरगा दारू पितो."

रांगेतल्या माना वळल्या. तिनं पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"वय?" खिडकीतल्या माणसानं विचारलं आणि पेन उघडलं.